खरेदी समितीला खुलं पत्र: मास्कचा हिशेब नगावर करू नका

रुग्णालयांच्या आणि कारखान्यांच्या खरेदी व सुरक्षा समित्यांच्या सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

रुग्णालय असो, दगड कापण्याची शेड असो की रंगकामाचं वर्कशॉप, तुमच्यासमोर येणारा तुलनात्मक तक्ता बहुधा सारखाच असतो. एका रकान्यात वापरून टाकायचा एन-९५. दुसऱ्यात रबरी किंवा सिलिकॉनचा, नाकापासून हनुवटीपर्यंत झाकणारा, फिल्टर बदलता येणारा हाफ मास्क. खाली नगाचा दर. पहिला स्वस्त, दुसरा कितीतरी महाग. पहिल्यावर टिक होते आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळते. मी फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्यावर नीट बसतो की कडेने गळतो याची चाचणी, घेते आणि हे मास्क कसे वापरायचे ते शिकवते, त्यामुळे तुमच्या सहीनंतर त्या खोक्यांचं काय होतं हे मला रोज बघायला मिळतं. म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जी माणसं रोज, पाळीभर संरक्षण वापरतात त्यांच्यासाठी पुन्हा वापरता येणारा हाफ मास्क घ्या. पण ऑर्डर देण्यापूर्वी तो कोण धुणार, कुठे धुणार आणि कोणाच्या वेळात धुणार, हे कागदावर लिहा. ते लिहिता येत नसेल तर फेकायचेच घ्या, आणि मग हात आखडता न घेता पुरेसे घ्या. मधला मार्ग, म्हणजे फेकायचे घेऊन ते आठवडाभर वापरायला लावणं किंवा धुवायचे घेऊन ते न धुता कपाटात ठेवणं, हा दोन्हीपेक्षा वाईट.

तीनपदरी निळा सर्जिकल मास्क या तुलनेत बसतच नाही. घालणाऱ्याच्या तोंडातले थेंब समोर उडू नयेत आणि समोरून आलेला शिंतोडा त्याच्या तोंडावर बसू नये, एवढ्यासाठी तो असतो. गालाशी तो सैल असतो आणि श्वास कडेने आत जातो. काही तक्त्यांत तिसरा रकाना आखून तो 'सर्वात किफायतशीर पर्याय' म्हणून घातलेला असतो. तो रकाना खोडा.

आता आकड्यांकडे. एन-९५ हा दर्जा अमेरिकेतली निऑश ही कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेवर काम करणारी सरकारी संस्था देते. १९९५ साली लागू झालेल्या तिच्या नियमांनुसार मिनिटाला ८५ लिटर हवेच्या झोतात मिठाचे अतिसूक्ष्म कण सोडून चाचणी होते आणि त्यातले किमान ९५ टक्के कण अडवावे लागतात. हाफ मास्कला लावतात त्या पी-१०० फिल्टरला ९९.९७ टक्के अडवावे लागतात. युरोपात फेकायच्या मास्कचे दर्जे वेगळ्या नावांचे: एफएफपी२ साठी ही अट ९४ टक्क्यांची आहे आणि एफएफपी३ साठी ९९ टक्क्यांची. हाफ मास्क विकणारा प्रतिनिधी ९९.९७ हा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवतो आणि समितीला वाटतं, महाग आहे पण संरक्षण कितीतरी जास्त. थांबा. अमेरिकेची कामगार-सुरक्षा यंत्रणा ओशा हिच्या तक्त्यात फेकायच्या एन-९५ ला आणि रबरी हाफ मास्कला संरक्षणाचा एकच गुणांक दिलेला आहे, १०. म्हणजे नीट बसलेला असेल तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहापट स्वच्छ असेल, एवढंच गृहीत धरायचं. ब्रिटनमध्ये एफएफपी३ ला २० आणि पी३ हा युरोपातला वरच्या दर्जाचा फिल्टर लावलेल्या हाफ मास्कलाही २०. तिथेही बरोबरीच.

याचं कारण साधं आहे. कापडातून किती गळतं याला एका मर्यादेनंतर अर्थ उरत नाही. नाकाच्या बाजूने आणि हनुवटीखालून किती गळतं, त्यावर सगळं ठरतं. त्यामुळे 'आमचा फिल्टर जास्त चांगला' या मुद्द्यावर हाफ मास्क घेऊ नका. तो घ्यायची कारणं वेगळी आहेत.

त्यातलं पहिलं कारण फिट टेस्टच्या वेळी डोळ्यांना दिसतं. समितीतल्या कुणीतरी एकदा येऊन उभं राहावं, फार वेळ लागत नाही. मास्क घालण्यापूर्वी डोक्यावर एक पारदर्शक टोपडं चढवतात आणि छोट्या भोकातून सॅकरिनच्या द्रावणाचा फवारा आत मारतात, त्या माणसाला गोडी जाणवते की नाही हे बघायला. मग तोंड धुवायचं, चव पूर्ण गेली की मास्क घालायचा, पुन्हा टोपडं आणि आता अधिक तीव्र फवारा. साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, वर-खाली, मग मोठ्याने वाचन, मग कमरेत वाकणं. प्रत्येक कृती एक मिनिट. अशाच एका चाचणीत एक सिस्टर मान फिरवेपर्यंत ठीक होत्या, वाचायला लागल्या आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला थांबून म्हणाल्या, "गोड लागतंय." जबडा हलला की त्यांच्या मास्कची हनुवटीकडची कड सुटत होती. वॉर्डात त्या दिवसभर बोलत असतात. त्यांच्या चेहऱ्याला बसेल असा दुसरा आकार स्टोअरमध्ये नव्हता, कारण ऑर्डर एकाच मॉडेलची, एकाच आकाराची होती. बूट कोणी सगळ्यांना एका मापाचे घेत नाही. इथे मात्र सर्रास घेतले जातात, आणि त्याचा फटका लहान चेहऱ्याच्या माणसांना, त्यातही बायकांना, जास्त बसतो.

हाफ मास्क लहान, मध्यम, मोठा अशा आकारांत मिळतो, त्याची कड मऊ असते आणि दहाव्या दिवशीही ती पहिल्या दिवसासारखीच असते. शिवाय घालणाऱ्याला स्वतःची खात्री स्वतः करता येते. दोन्ही फिल्टर तळव्यांनी झाकून हलकेच श्वास आत ओढायचा. मास्क तोंडाशी ओढला गेला आणि तसाच राहिला तर ठीक, कुठून हवा शिरली तर पट्टे पुन्हा ओढायचे. फेकायच्या मास्कवरही तळवे ठेवून अशी तपासणी करतात, पण तिचा भरवसा कमी. आणि दाढी असेल तर दोन्ही प्रकार सारखेच निकामी. तिथे डोक्यावरून येणारा, पंख्याने हवा पुरवणारा सैल हुड हाच उपाय. यावर वाद घालण्यात कृपया बैठक खर्ची घालू नका.

दुसरं कारण २०२० साली सगळ्या जगाने पाहिलं, पण खरेदीच्या फायलींतून ते भराभर पुसलं गेलं. त्या वर्षी ३ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की महामारीला तोंड द्यायला दर महिन्याला ८ कोटी ९० लाख वैद्यकीय मास्क लागतील. तोवर सर्जिकल मास्कचे दर सहापट आणि एन-९५ चे तिप्पट झाले होते. मग सुरू झाली पुनर्वापराची कसरत. नावं लिहिलेल्या कागदी पिशव्या, पाच दिवसांचे पाच मास्क, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेची यंत्रं. एन-९५ चं कापड हे वितळलेल्या पॉलिप्रोपिलीनच्या तंतूंचं असतं आणि त्यावर कायमचा विद्युतभार बसवलेला असतो. बारीक कण बऱ्याच अंशी त्या भारामुळे ओढले जातात. अल्कोहोल फवारलं किंवा साबणाने धुतलं की तो भार जातो, मास्क दिसायला तसाच राहतो आणि गाळणं मात्र घसरतं. वाफेच्या पद्धतींनी कापड टिकलं तरी इलॅस्टिक सैल होत जातं. पुरवठा सुरळीत झाल्यावर, जून २०२१ मध्ये, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, या निर्जंतुकीकरण यंत्रांच्या आणीबाणीतल्या परवानग्या काढूनही घेतल्या. तरी पाकिटातला एन-९५ आठवडाभर पुरवायची सवय काही ठिकाणी अजून आहे. तक्त्यात दर एका वापराचा असतो, प्रत्यक्षात वापर पाच पाळ्यांचा होतो, आणि म्हणून तो स्वस्त दिसतो. पाणी मुरतं ते इथे.

साठा करून ठेवू, असं कुणी म्हणेल. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर तेच केलं. साडेपाच कोटी एन-९५ गोदामात भरले. २०१७ साली तिथल्या महालेखापालांनी नोंदवलं की त्या आपत्कालीन साठ्यातल्या ८० टक्क्यांहून अधिक मालाची मुदत उलटून गेली आहे. तो नष्ट करणं चालू होतं. तीन वर्षांनी कोविड आला. सार्सची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल आयोगाने त्याच प्रांताला बजावलं होतं की धोका कमी करणारी वाजवी पावलं उचलायला शास्त्रीय खात्रीची वाट बघू नका. सिलिकॉनचा मास्क रोजच्या वापरात असला की त्याचा वेगळा साठा फारसा करावाच लागत नाही; तो लोकांच्या लॉकरमध्ये असतो, आणि टंचाईत फक्त फिल्टरची चिंता उरते. कण अडवणारा फिल्टर महिनोन्महिने चालतो. तो भिजला, फुटला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागला की बदलायचा.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने २००९ च्या स्वाइन फ्लूच्या टंचाईत हाफ मास्क आणले आणि पुढे वापरत राहिले. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २०१८ मध्ये या विषयावर सविस्तर अहवाल दिला. रुग्णालयात हे मास्क रोजच्या कामात आणि साथीतही वापरता येतात, पण त्याला प्रशिक्षण, स्वच्छता आणि साठवणीची व्यवस्था लागते, असा त्याचा रोख. २०२० मध्ये पिट्सबर्गच्या अलेगेनी हेल्थ नेटवर्कने मोठ्या प्रमाणावर हाफ मास्क दिले आणि महिन्याचा खर्च फेकायच्या मास्कच्या तुलनेत किमान दहापट कमी आल्याचं मांडलं. दहापट हा आकडा मी तुमच्यापुढे जसाच्या तसा ठेवणार नाही. तो टंचाईच्या वर्षातला आहे. दर खाली आले की फरकही कमी होणार. पण रोज वापर असेल तर पारडं कुठे झुकतं हे कळायला तेवढं पुरे.

आता धुण्याविषयी, कारण घोडं पेंड खातं ते नेमकं इथे.

हाफ मास्क धुणं म्हणजे नळाखाली धरणं नव्हे. फिल्टर काढून बाजूला ठेवायचे, ते पाण्यात बुडवायचे नाहीत. कडक प्लास्टिकच्या डबीतले असतील तर बाहेरून पुसायचे. पट्टे सोडवायचे. झडपांच्या पातळ रबरी चकत्या अलगद काढायच्या. त्यांच्यावर एखादा केस किंवा धुळीचा कण चिकटला तरी झडप पूर्ण मिटत नाही आणि मग पी-१०० फिल्टर लावूनही हवा मागच्या दाराने आत येते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, स्वच्छ पाणी, मग उत्पादकाने सांगितलेलं जंतुनाशक ठरलेल्या वेळेपुरतं, पुन्हा स्वच्छ पाणी, आणि सावलीत वाळवणं. जंतुनाशक नीट निघालं नाही तर दुसऱ्या दिवशी गालावर चट्टे उठतात आणि लोक मास्कला दोष देतात. वाळल्यावर जोडणी. सरावलेल्या हाताला हे काम जड नाही, पण बारा तासांच्या पाळीनंतर थकलेल्या माणसाला 'घरी जाण्याआधी एवढं करून जा' म्हटलं तर तो करणार नाही, आणि त्याने का करावं?

म्हणून दोनच व्यवस्था टिकतात. एक, प्रत्येकाचा स्वतःचा, नाव लिहिलेला मास्क. दोन रुग्णांच्या मधे पुसणं त्याचं काम, आणि पाळीअखेरच्या पूर्ण धुण्यासाठी पाळीच्या वेळेतलीच काही मिनिटं, वेगळं सिंक आणि वाळवायला स्टँड. दोन, एका ठिकाणी सगळे मास्क गोळा करून धुणारा प्रशिक्षित माणूस, जसं शस्त्रक्रियेच्या अवजारांचं होतं. दुसरी व्यवस्था मोठ्या संस्थेला परवडते आणि मला ती जास्त आवडते, कारण झडपा तपासणारा डोळा एकच राहतो. कोणतीही निवडा, पण त्या माणसाचा पगार किंवा ती मिनिटं तक्त्यात धरा. तो रकाना धरूनही रोजच्या वापरात हाफ मास्कच पुढे निघेल असा माझा अंदाज आहे. न धरता काढलेला हिशेब मात्र कोणत्याही बाजूने खोटाच.

वापरणाऱ्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत, त्या उडवून लावू नका. रबरी मास्कमधून आवाज दबतो. ऐकू कमी येणारा रुग्ण, फोनवर औषधाचा डोस सांगणं, गडबडीतला अतिदक्षता विभाग, इथे त्याने चूक होऊ शकते. आकडे परत म्हणून घेण्याची पद्धत घालावी लागते, किंवा आवाज बाहेर पोचवणारा पडदा असलेलं मॉडेल बघावं लागतं. मास्क जड असतो, आत घाम साठतो. लहान मुलं घाबरतात. आणि झडपेचा प्रश्न आहेच: बहुतेक हाफ मास्क उच्छ्वास न गाळता बाहेर सोडतात, म्हणजे घालणारा सुरक्षित, समोरचा तेवढा नाही. निऑशने २०२० च्या अखेरीस झडपवाले फेकायचे रेस्पिरेटर तपासले, तेव्हा बाहेर पडणारे कण सर्जिकल मास्कच्या तुलनेत साधारण तेवढेच किंवा कमी आढळले. तरीही निर्जंतुक क्षेत्रात, शस्त्रक्रियेच्या टेबलावर, झडप नसलेलं किंवा उच्छ्वासही गाळणारं मॉडेलच हवं. अशी मॉडेल्स आता मिळतात.

कारखान्याच्या बाजूला हाच विषय थोडा वेगळा वळतो. तिथे धोका फक्त कणांचा नसतो. रंगाच्या पातळकाची वाफ एन-९५ मधून सरळ आत जाते, आणि पी-१०० मधूनही. हाफ मास्कचा मोठा फायदा असा की त्याच मास्कवर रसायनाची वाफ शोषणारं कार्ट्रिज, म्हणजे डबी, चढवता येतं, वर कणांचा फिल्टरही. पण वाफेचं कार्ट्रिज संपल्याचं श्वासाला जाणवत नाही. वास यायची वाट बघायची नसते, बदलायचं वेळापत्रक आधीच ठरवायचं असतं. यंत्रावर कटिंग ऑइलचं धुकं उडत असेल तर एन गटातला फिल्टर चालत नाही, तेलाला टिकणारा आर किंवा पी गटातला लागतो. आणि दगड, फरशी, काँक्रीट कोरडं कापत असाल तर मास्कच्या आधी पाण्याची धार आणि धूळ ओढणारा पंखा. सिलिकाच्या बारीक धुळीने झालेला सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही. मास्क ही त्यातली शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. या शेडमध्ये फेकायचा मास्क दुपारपर्यंत घामाने आणि धुळीने चिकट होऊन गळ्यात लोंबतो. तिथे तुमचा हिशेब कितीही बरोबर असला तरी तो गळ्यातला मास्क काही अडवत नाही.

मग फेकायचे कुणासाठी? पाहुणे, निरीक्षक, विद्यार्थी, महिन्यातून एखाद्या वेळी दहा मिनिटं धोक्याच्या खोलीत जाणारी माणसं, बदली कर्मचारी. त्यांच्यासाठी धुण्याची व्यवस्था उभारणं हा अतिरेक होईल. दोन-तीन मॉडेल्स, वेगवेगळ्या आकारांत, आणि एका वापरानंतर टाकायची मोकळीक. कचऱ्याचं ओझं आहेच. मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२१ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या एका उपक्रमातूनच जवळपास ८७ हजार टन संरक्षक साहित्य देशोदेशी गेलं, आणि त्यातलं बहुतेक कचऱ्यात गेलं असावं असं जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल म्हणतो. पण कचरा कमी करायचा म्हणून पाहुण्याला वापरलेला मास्क देऊ नका. रोजच्या माणसांना हाफ मास्क दिला की कचऱ्याचा मोठा वाटा आपोआप कमी होतो.

निविदेत मला पुढच्या गोष्टी लिहिलेल्या हव्या आहेत. मास्कच्या दरासोबत तीन वर्षांच्या फिल्टरचा, झडपांचा आणि पट्ट्यांचा दर मागा. एका कंपनीचा फिल्टर दुसरीच्या मास्कवर बहुधा बसत नाही, आणि जुगाड करून बसवला तर प्रमाणपत्र लागू राहत नाही, कारण मान्यता पूर्ण जोडणीला असते. युरोपात ४० मिलिमीटरच्या आट्यांचं ईएन १४८-१ हे समाईक मानक आहे, पण बऱ्याचशा हाफ मास्कवर ज्या त्या कंपनीचा स्वतःचा खटका असतो. मास्क स्वस्तात देऊन फिल्टरवर वसुली करणारा पुरवठादार पहिल्या वर्षी ओळखू येत नाही. ऑर्डरीपूर्वी तिन्ही आकारांचे नमुने मागवा आणि ते स्टोअरच्या कपाटात न ठेवता एका वॉर्डाला किंवा एका पाळीला प्रत्यक्ष वापरायला द्या. फिट टेस्ट खरेदीनंतर नको, आधी करा, म्हणजे आकारांचं प्रमाण अंदाजाने ठरणार नाही. वर्षातून एकदा ती पुन्हा करण्याची तरतूद त्याच कागदावर ठेवा. वजन बदलतं, दात काढले जातात, चेहरा बदलतो.

आणि पुढच्या बैठकीला धुण्याचं काम ज्याच्याकडे जाणार आहे त्या माणसाला बोलवा. सिंक कुठे बसवायचं हे त्याला तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आपली,
श्वसनसंरक्षणाचं प्रशिक्षण देणारी एक कर्मचारी